दात कमी कोरण्याची विद्या

मोडलेले हाड जुळून येते आणि फाटलेली त्वचा भरून निघते. दातावरचे कठीण कवच मात्र एकदा गेले की ते शरीराला पुन्हा घडवता येत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. या एका जैविक वस्तुस्थितीमुळे दंतवैद्याच्या हातातील कोरण्याच्या साधनावर वेगळीच जबाबदारी येते. किडलेल्या भागाबरोबर जो निरोगी भाग कोरला जाईल, तो कायमचा जातो. शिवाय दाढेत भरलेले सिमेंट किंवा चांदी हीसुद्धा आयुष्यभर टिकत नाही. काही वर्षांनी भरावाची कड झिजते, तेथे फट पडते, फटीत पुन्हा कीड शिरते, जुना भराव काढताना त्याच्याभोवतीचा थोडा चांगला दातही जातो आणि नवा भराव आधीच्यापेक्षा मोठा होतो. अशा काही फेऱ्यांनंतर रूट कॅनाल, मग कॅप आणि अखेरीस दात काढणे, अशी ही उतरंड असते. ती किती लवकर संपेल हे बऱ्याच अंशी पहिला खड्डा किती मोठा केला यावर ठरते. म्हणूनच रोगावर नियंत्रण, योग्य निदान आणि शक्य तितके कमी कोरणे यांवर भर देणारी लघुतम हस्तक्षेपी दंतचिकित्सा गेल्या काही दशकांत पुढे आली आणि दंतवैद्यांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे एफडीआयने, 2002 साली व्हिएन्ना येथे तिला अधिकृत धोरणाचे रूप दिले.

या विचाराशी ज्या साधनाचे नाव वारंवार जोडले जाते, त्याला वायुघर्षण किंवा दंतवैद्यांच्या नेहमीच्या बोलीत एअर अब्रेजन म्हणतात. दाबाखालील हवेच्या झोतात अतिसूक्ष्म कठीण कण मिसळून तो झोत एका बारीक नळीतून दातावर सोडायचा आणि कणांच्या आघाताने दाताचा नको असलेला भाग झिजवायचा, एवढीच या तंत्राची मूळ कल्पना आहे. ती दंतवैद्यकात येऊन आता पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात यंत्राचा गाभा फारसा बदलला नाही. बदलले ते खड्ड्यात भरायचे पदार्थ, किडीविषयीची समजूत आणि सर्वांत शेवटी, झोतातील कण. तंत्राची खरी प्रगती समजून घ्यायची तर या तीन बदलांचा क्रम पाहावा लागतो.

कीड आणि तिची हद्द

दाताचा बाहेरचा थर म्हणजे एनॅमल. तो मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाच्या सुमारे 96 टक्के खनिजाचा, मुख्यतः हायड्रॉक्सीॲपटाइट नावाच्या कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचा, बनलेला असतो. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास असते, तर उंचवट्यांमधील खाचांच्या तळाशी तो अगदी पातळ असू शकतो. त्याच्या आत डेंटिन असते. त्यात खनिजाचे प्रमाण सुमारे 70 टक्के, तर उरलेला भाग कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचा व पाण्याचा असतो. डेंटिनमधून हजारो सूक्ष्म नलिका आतल्या जिवंत गाभ्याकडे जातात. या गाभ्यात, म्हणजे पल्पमध्ये, नसा व रक्तवाहिन्या असल्यामुळे एनॅमल कोरताना न होणारी वेदना डेंटिन कोरू लागताच जाणवते.

दातावरच्या चिकट थरातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. तेथील सामू सुमारे 5.5 च्या खाली उतरला की एनॅमलमधील खनिज विरघळू लागते. पुढे आम्ल निवळले की लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट त्यातले काही परत भरून काढतात. ही देवघेव दिवसभर चालते आणि तिचा ताळेबंद दीर्घकाळ तोट्यात राहिला की कीड पडते. सुरुवातीला दिसतो तो फक्त एक पांढुरका, निस्तेज डाग, ज्याची खनिजभरपाई अजूनही शक्य असते. दाढेच्या खाचांमध्ये मात्र गोष्ट अवघड होते, कारण काही खाचांचे तोंड इतके अरुंद असते की ब्रशचा केससुद्धा आत जात नाही. कीड तेथून आत उतरते आणि एनॅमल व डेंटिन यांच्या सीमेवर आडवी पसरते. त्यामुळे वरून केवळ काळी रेघ दिसत असताना खाली बरीच मोठी पोकळी झालेली असू शकते.

डेंटिनमध्ये शिरलेल्या किडीविषयीची महत्त्वाची समजूत 1970च्या दशकात जपानी संशोधक ताकाओ फुसायामा यांच्या कामातून स्पष्ट झाली. किडलेल्या डेंटिनचे दोन थर असतात. बाहेरच्या थरात जिवाणूंची दाट वस्ती असते, त्यातील कोलॅजनचे धागे तुटलेले असतात आणि तो दुरुस्त होण्यापलीकडे गेलेला असतो. आतल्या थरातून खनिज गेलेले असले तरी धाग्यांची जाळी शाबूत असते आणि योग्य परिस्थिती मिळाल्यास तिच्यावर खनिज पुन्हा जमू शकते. कोरणाऱ्याने पहिला थर काढावा आणि दुसरा राखावा, हे यातून ओघानेच येते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशींनीही हीच दिशा पक्की केली : खोल किडीत पल्पच्या जवळचा मऊसर थर हेतुपुरस्सर ठेवावा, खड्ड्याच्या कडा मात्र टणक, निरोगी दातापर्यंत स्वच्छ कराव्यात आणि वर घट्ट बसणारा भराव घालावा. अशा बंद झालेल्या जिवाणूंना साखर मिळत नाही आणि कीड पुढे सरकणे थांबते.

दोन ब्लॅक आणि एक एअरोटर

ही समजूत येण्यापूर्वीचे दंतवैद्यक वेगळ्या नियमावर चालत असे. अमेरिकेतील ग्रीन वर्डिमन ब्लॅक, ज्यांचे खड्ड्यांचे वर्गीकरण आजही विद्यार्थ्यांना पाठ करावे लागते, त्यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी खड्डे कोरण्याचे शास्त्र नियमबद्ध केले. खड्डा केवळ किडीपुरता न ठेवता तो सहज स्वच्छ राहील अशा भागापर्यंत वाढवावा, म्हणजे कडेला नवी कीड लागणार नाही, असे त्यांचे तत्त्व होते. त्या काळात फ्लोराइडची टूथपेस्ट नव्हती आणि चांदीचा भराव दाताला चिकटत नसे. तो खड्ड्याच्या आकारानेच धरून ठेवावा लागे, त्यासाठी भिंती सरळ, कोपरे नेमके आणि तळ तोंडापेक्षा किंचित रुंद असावा लागे, शिवाय चावण्याच्या दाबाखाली भराव तुटू नये म्हणून त्याला पुरेशी जाडी द्यावी लागे. त्यामुळे कीड मोहरीएवढी असली तरी खड्डा मोठाच होई. हा नियम अविचाराचा नव्हता, तर त्या पदार्थाची गरज होता.

असा खड्डा कोरणारी पट्ट्यावर चालणारी यंत्रे मिनिटाला काही हजार फेरेच घेत. कोरण्याचे फिरते पाते, म्हणजे बर, दातावर दाबून धरावे लागे आणि त्यातून उष्णता, कंप व वेदना निर्माण होत. यावर उपाय म्हणून टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथील दंतवैद्य रॉबर्ट ब्लॅक यांनी 1940च्या दशकात कणांच्या झोताचा प्रयोग केला. उद्योगधंद्यांत वाळूच्या झोताने धातू, दगड व काच घासण्याची पद्धत फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी 1870 सालीच पेटंट करून ठेवली होती. ब्लॅक यांनी ती तोंडात वापरता येईल इतकी बारीक केली आणि 1945 साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात यांत्रिक बरशिवाय खड्डा करण्याचे आपले तंत्र मांडले. 1951 साली एस. एस. व्हाइट या कंपनीने एअरडेंट या नावाने यंत्र बाजारात आणले. कंप नाही, उष्णता जवळजवळ नाही, बरचा आवाज नाही, या गुणांमुळे त्याचे स्वागत झाले.

ते टिकले नाही याची कारणे मात्र त्याच्या गुणांइतकीच स्पष्ट होती. झोताने होणारा खड्डा नेहमी गोलसर कोपऱ्यांचा असतो, आणि चांदीच्या किंवा सोन्याच्या भरावाला तर नेमके कोपरे व खालून रुंद होणारा आकार हवा होता. म्हणजे झोताने सुरुवात केली तरी शेवट बरनेच करावा लागे. तोंडात उडणारी भुकटी ओढून घेणारी जोरदार शोषणयंत्रे तेव्हा दवाखान्यांत रुळलेली नव्हती. त्यातच 1957 साली जॉन बोर्डन यांचे हवेच्या दाबावर फिरणारे टर्बाइन आले, जे मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेई. भारतातील दंतवैद्य आजही ज्याला एअरोटर म्हणतात ते हेच साधन. त्याने कोरणे जलद झाले, हाताचा दाब कमी झाला आणि भरावाला हवा तसा आकारही देता येऊ लागला. काही वर्षांतच एअरडेंट मागे पडले.

चिकटणाऱ्या भरावाने उघडलेला मार्ग

वायुघर्षणाच्या पुनरागमनाची तयारी ज्या संशोधनातून झाली, त्याचा कोरण्याशी थेट संबंध नव्हता. 1955 साली रॉचेस्टर येथील मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवले की 85 टक्के फॉस्फोरिक आम्ल अर्धा मिनिट लावले तर एनॅमलचा पृष्ठभाग सूक्ष्मपणे खडबडीत होतो आणि ॲक्रिलिक राळ त्यावर कितीतरी घट्ट धरते. 1962 साली राफाएल बोवेन यांच्या पेटंटमधून नव्या राळेवर आधारलेल्या कॉम्पोझिट भरावांचा, म्हणजे लोक ज्याला दाताच्या रंगाचे सिमेंट म्हणतात त्याचा, पाया घातला गेला. लंडनमधील ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी त्या दशकाच्या अखेरीस ग्लास आयोनोमर सिमेंट तयार केले, जे दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते आणि हळूहळू फ्लोराइडही सोडते.

चिकटणाऱ्या भरावाला खालून रुंद होणारा खड्डा लागत नाही, किमान जाडीचा जुना दंडकही लागत नाही; जेवढी कीड काढली तेवढीच जागा भरली तरी चालते. इतकेच नव्हे, तर गोलसर कोपरे आता दोष न राहता गुण ठरले, कारण तीक्ष्ण कोपऱ्यांजवळ ताण एकवटून दाताला तडा जाण्याची शक्यता असते. ज्या आकारामुळे एअरडेंट मागे पडले, तोच आकार कॉम्पोझिटला मानवणारा निघाला. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वायुघर्षणाची नवी यंत्रे आली, त्यांच्याबरोबर बारीक नळ्या, झोत क्षणात सुरू व बंद करणारी नियंत्रणे आणि जोरदार शोषणाची सोय आली आणि सुमारे तीस वर्षे बाजूला पडलेले तंत्र पुन्हा चर्चेत आले.

झोत कोरतो कसा

आजच्या यंत्रांत बहुतेक वेळा ॲल्युमिनाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, 27 किंवा 50 मायक्रोमीटर आकाराचे कण वापरले जातात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हवेचा दाब साधारण 40 ते 160 पीएसआय या पल्ल्यात ठेवता येतो. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय हवा असते, हे लक्षात घेतले की झोतामागील रेट्याची कल्पना येते. नळीच्या टोकाचे छिद्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि टोक दातापासून एक-दोन मिलिमीटर दूर धरले जाते.

कोरण्याचे काम कणाच्या गतिज ऊर्जेने होते. ही ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे दाब वाढवून वेग थोडा जरी चढवला तरी कोरण्याची शक्ती बरीच वाढते. कणाचा आकार 27 वरून 50 मायक्रोमीटरवर नेला तर व्यास दुपटीहून कमीच वाढतो, पण घनफळाच्या नियमाने वस्तुमान सहा पटींहून अधिक होते. म्हणून मोठा कण जलद कोरतो आणि लहान कण बारीक, नियंत्रित काम करतो. अंतराचाही परिणाम मोठा असतो : टोक जवळ असले की खड्डा अरुंद व खोल होतो, दूर नेले की झोत पसरतो, ऊर्जा विखुरते आणि कोरण्याऐवजी पृष्ठभाग केवळ खडबडीत होतो. एकाच यंत्राने खाच उघडणे आणि भरावापूर्वी पृष्ठभाग तयार करणे ही दोन्ही कामे होतात ती यामुळेच.

समोरचा पदार्थ कोणता, यावरही सारे अवलंबून असते. ठिसूळ पदार्थावर कण आदळला की सूक्ष्म तडे जातात आणि लहानसा टवका उडतो. लवचिक पदार्थ मात्र किंचित दबून आघात पचवतो. एनॅमल कठीण असूनही ठिसूळ आहे, म्हणून झोत त्याला सहज कोरतो. दाताभोवती ताणून बसवलेला रबर डॅमचा पडदा मात्र सहसा टिकून राहतो. फिरत्या बरने खड्ड्याच्या कडेचे एनॅमल तडकण्याचा व तिथला टवका निघण्याचा जो धोका असतो, तो झोताने कमी होतो. कंप व घर्षणाची उष्णता नगण्य असल्याने एनॅमलपुरत्या किंवा उथळ खड्ड्यांत भूल देण्याची गरज अनेकदा पडत नाही, आणि सुईची भीती बाळगणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट लहान नसते. तरीही झोताने खडबडीत केलेला पृष्ठभाग आम्लाने तयार केलेल्या पृष्ठभागाची जागा घेत नाही. कॉम्पोझिट नीट चिकटावे म्हणून झोतानंतरही आम्लाचा वापर करावा लागतो.

कठीण कणाची अडचण

ॲल्युमिना खनिजांच्या कठीणतेच्या मोहस मापनात 9 वर येतो, म्हणजे हिऱ्याच्या फक्त एक पायरी खाली. एनॅमल त्याच मापनात 5 च्या आसपास आहे आणि डेंटिन त्याहून मऊ आहे. इतका कठीण कण निरोगी एनॅमल, निरोगी डेंटिन, जुने सिमेंट असा काहीच भेद करत नाही. उलट किडीने मऊ, चिवट झालेले डेंटिन आघात पचवते आणि शेजारचे निरोगी, ठिसूळ डेंटिन आधी झिजते. ज्या थराला काढायचे तो मागे राहावा आणि ज्याला राखायचे तो जावा, असा हा उलटा न्याय आहे. त्यात भर म्हणजे नळीचे टोक दाताला टेकत नसल्यामुळे, बर चालवताना मऊ-टणक भाग हाताला जसा कळतो तसा येथे कळत नाही. दंतवैद्याला सर्वस्वी नजरेवर विसंबावे लागते. भिंगाचा चष्मा, चांगला प्रकाश आणि मऊ कीड काढण्यासाठी हातात धरायचा चमचाकृती एक्सकॅव्हेटर यांच्यावाचून ॲल्युमिनाचे वायुघर्षण सुरक्षित ठरत नाही. त्यामुळे यंत्राहून अधिक संशोधन कणावर होणे क्रमप्राप्त होते.

हाडासाठी बनलेली काच

त्या शोधाला उत्तर मिळाले ते दंतवैद्यकाबाहेरून. फ्लोरिडा विद्यापीठातील लॅरी हेंच यांनी 1969 साली अशी काच बनवली, जी शरीरात परकी म्हणून अलग पडत नाही, तर हाडाशी थेट जुळते. 45एस5 या संज्ञेने ओळखल्या जाणाऱ्या या जैवसक्रिय काचेत वजनाने 45 टक्के सिलिका, 24.5 टक्के सोडियम ऑक्साइड, 24.5 टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि 6 टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड असते. खिडकीच्या काचेपेक्षा हिच्यात सिलिका खूप कमी आणि सोडियम व कॅल्शियम खूप जास्त आहे, आणि तिची सारी किमया या प्रमाणात आहे.

लाळेसारख्या पाणीदार माध्यमात काचेतील सोडियम बाहेर पडतो व त्याची जागा हायड्रोजन घेतो. त्यामुळे भोवतालचा सामू वाढून आम्लता ओसरते. काचेच्या पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर उरतो, त्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेट गोळा होतात आणि काही काळाने त्यांचे रूपांतर दातातील खनिजाशी बरेच साम्य असलेल्या कार्बोनेटयुक्त ॲपटाइटमध्ये होते. दात शिवशिवण्यावरच्या काही टूथपेस्टमध्ये याच काचेची भुकटी असते, कारण असा थर डेंटिनच्या उघड्या नलिकांची तोंडे बुजवतो.

हीच भुकटी झोतात वापरली तर दोन गोष्टी साधतात. पहिली म्हणजे तिची कठीणता ॲल्युमिनापेक्षा खूपच कमी, एनॅमलच्या आसपासची, असल्याने निरोगी एनॅमलवर तिचे फारसे चालत नाही, पण खनिज गमावून दुबळे झालेले एनॅमल ती झिजवू शकते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील अविजित बॅनर्जी, इयान थॉम्पसन आणि टिमोथी वॉटसन यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतील अभ्यासात कृत्रिम कीड निर्माण केलेल्या एनॅमलवर जैवसक्रिय काचेचा झोत ॲल्युमिनाच्या झोतापेक्षा अधिक स्वयंमर्यादित ठरला, म्हणजे दुबळा भाग संपून निरोगी भाग लागला की त्याचे काम आपोआप मंदावले. दुसरी गोष्ट अशी की कोरताना पृष्ठभागात रुतून राहिलेले कण येथे कचरा ठरत नाहीत. ते खनिजाचा साठा म्हणून काम करू शकतात आणि राखून ठेवलेल्या, खनिज गमावलेल्या डेंटिनला भरपाईची सामग्री पुरवतात. झोताचा कण काढून घेण्याबरोबर काही देऊनही जावा, ही कल्पना रॉबर्ट ब्लॅक यांच्या काळात कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते, कारण तेव्हा डेंटिनचा तो आतला थर राखण्याजोगा मानलाच जात नव्हता.

या काचेची मर्यादाही तिच्या गुणातूनच येते. निरोगी एनॅमलवर तिचे चालत नाही, म्हणून एनॅमलच्या छपराखाली लपलेल्या किडीपर्यंत पोहोचायला ती अपुरी पडते. व्यवहारात आधी ॲल्युमिनाने किंवा बरने मार्ग उघडायचा आणि मग काचेच्या भुकटीकडे वळायचे, असा क्रम ठेवावा लागतो; म्हणून काही यंत्रांत दोन वेगळ्या भुकट्यांची सोय असते. लंडनच्याच क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी फ्लोराइडयुक्त व कठीणता जुळवून घेतलेल्या काचा विकसित करण्याकडे लक्ष दिले आहे. फ्लोराइड असल्यास तयार होणारे खनिज आम्लाला अधिक दाद न देणारे फ्लोरॲपटाइट असते, आणि सिलिका, सोडियम व कॅल्शियम यांचे प्रमाण बदलून काचेची कठीणता हव्या त्या कामापुरती वरखाली करता येते. यंत्र तेच ठेवून भुकटी बदलायची आणि झोताचा स्वभाव बदलायचा, ही आजच्या प्रगतीची मुख्य वाट आहे.

खड्ड्यापलीकडचे उपयोग

वायुघर्षणाचा मूळ उपयोग दाढांच्या खाचांतील संशयास्पद रेघा स्वच्छ करून तपासणे, छोटी कीड काढणे आणि तेथे सीलंट, म्हणजे खाच बुजवणारा पातळ लेप, किंवा कॉम्पोझिट भरणे हा असला, तरी दैनंदिन कामात त्याची इतर रूपेही तितकीच महत्त्वाची झाली आहेत. दातांच्या तारांचे उपचार संपून ब्रॅकेट, म्हणजे तारा धरणारे दातावर चिकटवलेले तुकडे, काढले की एनॅमलवर राळेचा पातळ थर उरतो; तो बरने काढताना त्याखालचे निरोगी एनॅमलही खरवडले जाते. राळेहून कठीण पण एनॅमलला फारसा न झिजवणारा काचेचा कण येथे नेमका उपयोगी पडतो, आणि अशा वापराचे प्रयोग किंग्ज कॉलेजमध्ये 2008 सालीच झाले होते.

जुन्या भरावाची कड तुटली तर सगळा भराव काढण्याऐवजी तेवढीच जागा दुरुस्त करणे, हा लघुतम हस्तक्षेपाचा दुसरा मोठा धडा आहे. जुन्या कॉम्पोझिटवर नवे कॉम्पोझिट सहज चिकटत नाही. झोताने पृष्ठभाग खडबडीत केला की सांधा बळकट होतो. या कामासाठी सिलिकाचे आवरण असलेले 30 मायक्रोमीटरचे ॲल्युमिना कणही मिळतात. आघाताच्या क्षणी सिलिकाचा थर समोरच्या पदार्थात रुतून बसतो आणि मग सिलेन नावाच्या द्रव्याच्या साहाय्याने तेथे रासायनिक बंध जोडता येतो. झिर्कोनियाच्या, म्हणजे अतिशय कठीण पांढऱ्या सिरॅमिकच्या, कॅपवर आम्लाचा परिणाम होत नाही. म्हणून तिची आतली बाजू कमी दाबाच्या ॲल्युमिना झोताने खडबडीत करणे, त्यावर एमडीपी या फॉस्फेटयुक्त रेणूचा प्रायमर लावणे आणि मग राळेच्या सिमेंटने ती बसवणे, ही पद्धत आज सर्वमान्य आहे. खड्डा कोरणारे मोठे यंत्र नसलेल्या दवाखान्यांतही वायुघर्षण पोहोचले ते प्रामुख्याने अशी कामे करणाऱ्या छोट्या, हातात मावणाऱ्या सँडब्लास्टरच्या, म्हणजे कणांचा झोत सोडणाऱ्या साधनाच्या, रूपाने.

याच कुळातील एअर पॉलिशिंग या प्रक्रियेशी मात्र वायुघर्षणाची गल्लत होऊ देऊ नये. तेथे दात कोरायचा नसून त्यावरचा चिकट थर आणि डाग काढायचे असतात, म्हणून सोडियम बायकार्बोनेट किंवा त्याहून सौम्य ग्लायसीन व एरिथ्रिटॉल यांची पाण्यात विरघळणारी भुकटी वापरली जाते. महाराष्ट्रात मिश्री, तंबाखू आणि सुपारीमुळे दातांवर बसणारे गडद डाग अशा झोताने निघू शकतात. पण त्या डागांखालची कीड किंवा हिरड्यांचा व तोंडाच्या आतल्या त्वचेचा आजार त्याने बरा होत नाही.

धूळ आणि दक्षता

कणांचा झोत वापरायचा म्हणजे धुळीचा प्रश्न आलाच. उद्योगांत वाळूच्या झोताने काम करणाऱ्यांना स्फटिकी सिलिकाच्या बारीक धुळीमुळे सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा असाध्य रोग होऊ शकतो. दंतवैद्यकातील ॲल्युमिना स्फटिकी सिलिका नसतो आणि जैवसक्रिय काचेतील सिलिकाही स्फटिकी नसते. शिवाय 27 मायक्रोमीटरचा कण फुफ्फुसांच्या अगदी खोल भागात पोहोचण्याच्या मानाने मोठा असतो. तरीही कण आदळून फुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे हवेत राहतात. म्हणून रबर डॅम, जोरदार शोषण, चांगला मास्क आणि रुग्ण, दंतवैद्य व मदतनीस या तिघांच्याही डोळ्यांवर चष्मा, या गोष्टी ऐच्छिक नसतात. नव्या यंत्रांत कणांच्या झोताभोवती पाण्याचे वेष्टण सोडले जाते, जे उडणाऱ्या भुकटीला तेथल्या तेथे धरून ठेवते. त्याने धूळ बरीच कमी होते, पण ओली भुकटी खड्डा झाकून टाकत असल्याने तो वारंवार धुऊन पाहावा लागतो. 2020च्या कोविड साथीत तोंडातून उडणाऱ्या तुषारांविषयी जी सावधगिरी आली, तिने शोषणाचे महत्त्व आणखी अधोरेखित केले.

गंभीर दमा किंवा फुफ्फुसांचा जुना आजार, धुळीची ॲलर्जी, तोंडातील उघडी जखम, नुकताच काढलेला दात किंवा टाके अशा परिस्थितीत वायुघर्षण टाळले जाते. हिरडीच्या फटीकडे झोत रोखला गेला तर दाबाखालील हवा मऊ ऊतींमध्ये शिरून चेहरा किंवा मान सुजू शकते, म्हणून टोकाची दिशा नेहमी हिरडीपासून दूर ठेवावी लागते. शेजारच्या दातावरील सिरॅमिक कॅपची झिलई आणि दंतवैद्याचा तोंडात धरलेला आरसा यांनाही भरकटलेला झोत खरवडतो.

साधन आणि निर्णय

या सर्व गुणदोषांसह वायुघर्षणाचे स्थान आज पूरक साधनाचे आहे. जुनी चांदी काढणे, कॅपसाठी दात घासणे, मोठा किडका भाग मोकळा करणे ही कामे टर्बाइनच जलद व स्वस्तात करते. मऊ डेंटिन हाताने काढणे अनेकदा सर्वांत नेमके ठरते आणि पपईतील पपेनसारखी द्रव्ये लावून ते सैल करण्याची पद्धतही उपलब्ध आहे. वेगळे यंत्र, भुकटीचा चालू खर्च, नजरेवर काम करण्याचा सराव आणि धुळीचे नियंत्रण या साऱ्याचा हिशेब जेथे जमतो, तेथेच हे तंत्र रुजते.

याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र खर्चाचा नाही. ज्या साधनाने भूल न देता, कंप व वेदना न होता एनॅमल उघडता येते, त्याने ते गरज नसतानाही उघडण्याचा मोह वाढतो. खाचेतील प्रत्येक काळी रेघ म्हणजे कीड नसते. चहा, सुपारी किंवा अन्नातील रंगही तेथे बसतो, आणि थांबलेली जुनी कीडही काळपट दिसते. अशी रेघ झोताने साफ करून भरून टाकली तर खड्डा लहान असेल, पण तो नसायलाच हवा होता आणि त्याच्याबरोबर भराव, फट व मोठा भराव ही उतरंड तेथे सुरू झालेली असते. म्हणून लघुतम हस्तक्षेपाच्या क्रमात कोरण्याचे पान सर्वांत शेवटी येते : आधी दात कोरडा व स्वच्छ करून भिंगातून पाहणे, गरज वाटल्यास क्ष-किरण चित्र घेणे, कीड चालू आहे की थांबलेली हे ठरवणे, साखरेची वारंवारता कमी करणे, फ्लोराइड किंवा सीलंटने थांबवता येईल तेवढे थांबवणे आणि पोकळी झालेली असेल तरच कोरणे. या क्रमाच्या शेवटी वापरलेला कणांचा झोत दात वाचवतो. क्रम वगळून आधीच वापरला, तर तोही एअरोटरसारखेच आणखी एक कोरण्याचे साधन ठरतो.